मॉर्गन डॉलरवर अक्षरं डबल दिसतायत पण व्हॅम जुळत नाही? घासायच्या आधी हे बघा

हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता एकदाच सगळं लिहून ठेवतो, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. प्रश्न साधारण असा असतो: आत्याने / सासऱ्यांनी अमेरिकेतून आणलेला चांदीचा मोठा डॉलर आहे, वर्ष १८८०-९० मधलं, अक्षरं डबल दिसतात, व्हॅम म्हणजे ठशांच्या प्रकारांच्या यादीतल्या कुठल्याच फोटोशी जुळत नाही, वर काळं किंवा हिरवट काहीतरी बसलंय, तर साफ केल्यावर नीट कळेल ना? नाही कळणार. बहुतेक वेळा साफ केल्यावर जे कळत होतं तेही जातं, कारण एका ठशाचा दुसऱ्या ठशापासून जो फरक असतो तो नाण्याच्या अगदी वरच्या कातडीत असतो, केसाएवढ्या उंचवट्यात, आणि घासताना पहिली तीच कातडी जाते.

नवीन लोकांसाठी दोन ओळी. जुने मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि मग परत १९२१ मध्ये पाडले. एका वर्षात एकेका टांकसाळीत कितीतरी डाय म्हणजे ठसे वापरले जायचे आणि वर्षाचे आकडे आणि टांकसाळीचं अक्षर त्या काळी प्रत्येक डायवर हाताने ठोकायचे, त्यामुळे कुठे आकडा सरकलेला, कुठे जुन्या आकड्यावर नवा, कुठे अक्षर तिरकं. लेरॉय व्हॅन अ‍ॅलन आणि जॉर्ज मॅलिस या दोघांनी हे फरक नंबर देऊन लावले, तेच व्हॅम नंबर. असे नंबर हजारोंनी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना जादा पैसे कोणी देत नाही, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर राग नको.

लक्षणं काय काय असतात

यातलं एक किंवा जास्त तुमच्याकडे असेल तर पुढे वाचा:

- अक्षरांना किंवा आकड्यांना दुहेरी कड दिसते, पण यादीतल्या फोटोत तशी नाही
- १८८० मधल्या ८ च्या पोटात काहीतरी आहे, ते ७ चा अवशेष आहे की मळ ते कळत नाही
- टांकसाळीच्या अक्षरात (ओ, एस, सीसी) दुसरं काहीतरी डोकावतंय
- मोकळ्या जागेत रेघा आहेत, त्या ओरखडे की ठशातल्या ते समजत नाही
- नाण्यावर हिरवट चिकट थर, पिवळा-तपकिरी डाग, किंवा काळा पट्टा
- कोणीतरी आधीच चकचकीत केलंय आणि आता ते सगळीकडून सारखंच पांढरं दिसतंय, आणि फिरवलं तरी चमक फिरत नाही

शेवटचं लक्षण असेल तर एक सांगतो, नाणं जसं होतं तसं परत होणार नाही, पण ओळख पटवता येते, म्हणून पहिल्या तीन तपासण्या तरी करा.

पहिलं: दिवा बदला (फुकट)

ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, टेबल लॅम्प एकच, पिवळा असला तरी चालेल, आणि त्याचा उजेड एका बाजूने, कमी उंचीवरून तिरका येऊ द्या. नाणं कडेला धरा, बोटं वरच्या खालच्या पृष्ठाला लावायची नाहीत, खाली मऊ टॉवेल ठेवा म्हणजे सुटलं तरी वाचेल. मग हळूहळू फिरवा.

हे का महत्त्वाचं, तर ठशात जी खाच किंवा चीर असते ती नाण्यावर उंचवटा होऊन येते आणि नाण्याला नंतर पडलेला ओरखडा खोल असतो. उजेड डावीकडून येत असेल तर उंच रेघेची डावी बाजू चमकते आणि उजवीला सावली पडते, खोल रेघेचं बरोब्बर उलटं. नाणं गोल फिरवून दोनदा खात्री करा कारण डोळा फसतो. एवढ्यावरच निम्म्या लोकांचं 'दुर्मिळ डाय क्रॅक' प्रकरण मिटतं, तो ओरखडा निघतो.

नवीन अवस्थेतल्या नाण्यावर फिरवताना उजेडाचा पट्टा गोल गोल फिरताना दिसतो. ठोकताना धातू मधून कडेकडे वाहतो त्याच्या बारीक रेषांमुळे तो दिसतो. तो फिरत असेल तर तुमच्या हातात चांगली वस्तू आहे, अजूनच सांभाळून.

दुसरं: दहा पटीचं भिंग, आणि कुठे बघायचं ते

सोनार वापरतात ते १० पटीचं भिंग पुरे. जास्त ताकदीचा यूएसबी मायक्रोस्कोप घेऊ नका सुरुवातीला, त्यात प्रत्येक धुळीचा कण दुर्मिळ व्हरायटी वाटतो.

सगळं नाणं बघत बसायचं नाही. क्रमाने: वर्षाचे आकडे आणि त्यांच्या खाली कडेचे दाते (कुठला आकडा कुठल्या दातावर येतो हे मोजलं की ठसा ओळखायला फार मदत होते), मग गरुडाच्या बाजूला पानांच्या माळेच्या गाठीखालचं टांकसाळीचं अक्षर, मग पुढच्या बाजूच्या बाईचे, म्हणजे लिबर्टीचे, ओठ-नाक-हनुवटी, मग गरुडाची शेपटी आणि बाणांची पिसं. अक्षर नसेल तर फिलाडेल्फिया, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, एस सॅन फ्रान्सिस्को, सीसी कार्सन सिटी, आणि डी म्हणजे डेन्व्हर, जुन्यांत फक्त १९२१ ला.

वारंवार विचारले जाणारे काही:

१८७८ ला शेपटीची पिसं मोजा. आधी आठ होती, मग सात केली, आणि मधल्या काळात आठवाल्या डायवरच सातचा ठसा मारला त्यामुळे सात पिसांखालून जुन्या पिसांची टोकं बाहेर दिसतात. ती टोकं उंच आणि टोकदार हवीत, काळा मळ चालत नाही. सात पिसांतही दोन प्रकार, बाणाचं वरचं पीस समांतर आणि गरुडाची छाती सपाट असेल तर १८७८ चा मागच्या बाजूचा ठसा, पीस तिरकं आणि छाती गोल असेल तर १८७९ चा.

१८८२ ओ मध्ये ओ च्या आत एस. १९०० ओ मध्ये ओ च्या मागे सीसी. हा दुसरा मला फार आवडतो कारण त्यामागे कारण अगदी कंजूषपणाचं आहे, कार्सन सिटीत नाणी पाडणं १८९३ ला बंद झालं, उरलेल्या डाय फिलाडेल्फियाला परत आल्या, टाकून कशाला द्यायच्या म्हणून त्याच सीसी वर ओ ठोकून न्यू ऑर्लिन्सला पाठवल्या.

१८८८ ओ चा 'हॉट लिप्स' म्हणजे व्हॅम ४, ओठ, नाक, हनुवटी चक्क डबल, भिंग न लावताही दिसतं. ज्याला भिंग लावून ताण देऊन बघावं लागतंय तो हॉट लिप्स नाही. १८८८ ओ चाच 'स्कारफेस' वेगळा, त्यात डाय फुटल्याची जाड उंच रेघ चेहऱ्यावरून जाते. १८९० सीसी च्या 'टेल बार' मध्ये शेपटीपासून माळेपर्यंत एक जाड दांडी. १९०१ फिलाडेल्फियाचा 'शिफ्टेड ईगल', गरुड खाली डबल. आणि १८८६, १८८९, १८९१ च्या ओ नाण्यांत गरुडाच्या शेपटीखाली ई अक्षराचा पुसट ठसा सापडतो. दोन डायच्या मध्ये चांदीची चकती न येता त्या एकमेकींवर आपटल्या आणि डोक्याच्या पट्टीवरच्या लिबर्टी शब्दातला ई पलीकडे उमटला. हा ई इतका उथळ असतो की एकदा टूथपेस्टने घासलं की संपलं, नंतर कोणी शपथेवर सांगितलं तरी पटत नाही.

न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांत कानावरचे केस आणि गरुडाची छाती सपाट असते, तो मळ नाही आणि झीजही नाही, ठोका कमी पडलेला असतो. खरवडून केस 'वर काढायचा' प्रयत्न करू नका, हसू नका, हे करणारे भेटलेत.

तिसरं: डबल कुठल्या जातीचं आहे

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा थांबून.

खरं डबल डायमध्येच असतं. मूळ छाप्याने डाय एका ठोक्यात पूर्ण उमटत नसे, मध्ये तापवून परत ठोकायचे, आणि दुसऱ्या वेळी जरा सरकलं की दोन्ही प्रतिमा डायमध्ये कायमच्या बसायच्या. अशा नाण्यावर दोन्ही अक्षरं गोलसर, दोन्हींना स्वतःची उंची, आणि अक्षराच्या टोकांना फाटा फुटलेला दिसतो. त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर ते तसंच, म्हणून यादीतल्या फोटोशी जुळतं.

खोटं, म्हणजे किंमत नसलेलं डबल नाणं पाडताना होतं. डाय ढिली असली की ठोका बसल्यावर ती जराशी उडते आणि ओल्या चांदीवर, म्हणजे ताज्या ठोकलेल्या, कड दाबून जाते, रबरी शिक्का उचलताना हात हलला की होतं तसं. खूण अशी की दुसरी कड सपाट पायरीसारखी असते, चकचकीत, आणि मूळ अक्षर त्यामुळे बारीक झालेलं असतं. खऱ्या डबलमध्ये अक्षर जाड होतं, यात बारीक होतं. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ.

तिसरी जात सगळ्यात वाईट. कोणीतरी तारेच्या गोल ब्रशने मशिनवर नाणं चमकवलेलं असतं, त्यात वरची चांदी सरकून अक्षरांच्या कडेला ढिगासारखी साचते आणि हुबेहूब डबल वाटते. सगळ्या अक्षरांच्या एकाच बाजूला, आणि मोकळ्या जागेत एकाच दिशेच्या बारीक समांतर रेघा. व्हॅम जुळत नाही कारण तो व्हॅम नाहीच.

आकड्याच्या पोटातलं काय ते ठरवायला पण हाच नियम. १८८० च्या दुसऱ्या ८ वर किंवा आत ७ चा अवशेष असेल तर तो धातू आहे, रंग आजूबाजूसारखाच, आकार सरळ कडांचा. मळ असेल तर काळा, मॅट, आणि कडा वितळल्यासारख्या. लाकडी टूथपिकने टोचून बघू का असं विचारतात, नाही.

चौथं: वजनकाटा आणि चुंबक (तीन-चारशे रुपये)

खऱ्याचं वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी, ९०% चांदी १०% तांबं. झिजलेला थोडा हलका भरतो, ते ठीक. चुंबकाला चिकटला की विषय संपला. बाजारात आणि ऑनलाइन नकली भरपूर, त्यात १८९३ एस आणि १८८९ सीसी सारखी महागडी वर्षं मुद्दाम करतात. १८९३ एस एक लाखच पाडला आणि पुढच्या बाजूची डाय एकच होती, त्यामुळे लिबर्टी मधल्या टी च्या माथ्यावर तिरकी बारीक उंच रेघ नसेल तर पुढे बोलूच नका.

काट्यावर ग्लासात डिस्टिल्ड पाणी ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने बुडवून तळाला न टेकवता लटकवा, काटा साधारण २.६ ग्रॅम दाखवेल. वजन बरोबर भरणारा जस्त-तांब्याचा नकली याहून बराच जास्त दाखवतो. पण नवीन अवस्थेतल्या नाण्याला दोरा बांधायचा नाही, हा प्रयोग फक्त झिजलेल्यावर.

आणि वजन बरोबर आलं म्हणून नाचू नका. १८९६, १९०० आणि १९०२ च्या ओ नाण्यांत अगदी बारकं ओ असलेले काही डॉलर वर्षानुवर्षं दुर्मिळ व्हॅम म्हणून विकले जात होते, मग लोकांच्या लक्षात आलं की तिन्ही वर्षांच्या नाण्यांची गरुडाची बाजू एकाच डायची आहे, ते खऱ्या टांकसाळीत शक्य नाही. जुन्या काळातले नकली निघाले, २००५ पासून पीसीजीएस (नाणी तपासून ग्रेड देणारी अमेरिकन कंपनी) त्यांना खरं म्हणून प्रमाणपत्र देत नाही. चांदी मात्र त्यात खरी आहे, म्हणून काटा आणि चुंबक दोन्ही पास. (१८८० आणि १८९९ चे बारक्या ओ चे खरेच आहेत, गोंधळ करू नका.)

जाता जाता, 'एवढे लाख पाडले म्हणजे कॉमन' हा हिशोब मॉर्गनला लागू पडत नाही. एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने सत्तावीस कोटींवर डॉलर वितळवले, त्यातले जवळजवळ सव्वीस कोटी ब्रिटनला विकले ते हिंदुस्थानसाठी, कारण इकडे लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागत होते आणि टांकसाळीत चांदी संपत आलेली. कुठल्या वर्षाचे किती वितळले याची नोंद कोणी ठेवली नाही. म्हणजे तुमच्या आजीच्या डब्यातल्या पंचम जॉर्जच्या एखाद्या रुपयात एखादा हॉट लिप्स असू शकतो, सांगता येत नाही. आणि ते वितळवलेले भरून काढायला म्हणूनच १९२१ चे मॉर्गन.

पाचवं: फोटो काढा, मग आठवडाभर काही करू नका

पुढे काही करायच्या आधी दोन्ही बाजूंचे आणि आकडे, अक्षर यांचे जवळचे फोटो. पुढे कोणाला दाखवायचं तर तोच पुरावा. जुन्या प्लास्टिकच्या कडक डबीत असेल आणि डबीवर जीएसए लिहिलेलं असेल तर ती फोडू नका, अमेरिकन सरकारने १९७२ ते १९८० मध्ये विकलेले कार्सन सिटीचे बरेचसे डॉलर त्या डबीत आहेत आणि डबीलाही किंमत आहे.

सहावं: वर काय बसलंय ते ओळखा

निळा, जांभळा, सोनेरी किंवा तपकिरी-काळा रंग जो धातूतच मुरल्यासारखा दिसतो तो सिल्व्हर सल्फाइड. हवेतल्या गंधकाने होतो, मळ नाही. याला हात लावायचा नाही, कित्येकदा यासाठीच लोक जास्त पैसे देतात. सरळ काळा पट्टा असेल तर बहुधा रबर बँड.

हिरवट, ओलसर, चिकट थर असेल तर तो पीव्हीसीचा, म्हणजे ज्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं त्यातून निघालेला. हा मात्र काढावाच लागतो, तो हळूहळू धातू खातो. सेलोटेपचा गोंद, बोटांचं तेल, देवघरातलं कुंकू-तेल हेही याच गटात.

सातवं: अ‍ॅसिटोन, आणि घरी करायचं तेवढंच

शुद्ध अ‍ॅसिटोन, केमिकलच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानातलं. नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यात तेल, रंग, वास घातलेला असतो. गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी, गॅस बंद, देवाचा दिवा पण नको, वाफ लगेच पेट घेते.

दोन काचेच्या वाट्या घ्या, प्लास्टिकच्या नकोत, विरघळतात. पहिल्यात नाणं बुडवून वर काचेचं झाकण, हलका थर असेल तर पाच-दहा मिनिटं, पीव्हीसी जुना असेल तर रात्रभर. मग बांबूच्या चिमट्याने कडेला धरून दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये, कारण पहिल्यात विरघळलेली घाण वाळताना परत नाण्यावरच बसते. बाहेर काढून उभं धरा, सेकंदात सुकतं. कापूस, ब्रश, इअरबड, कशानेही पुसायचं नाही. अ‍ॅसिटोनने चांदीला काही होत नाही, नुकसान सगळं घासण्याने होतं, थरात अडकलेला धुळीचा एक कण फिरला की केसासारखे ओरखडे आणि नाणं 'क्लीन्ड', म्हणजे घासून खराब केलेलं.

अ‍ॅसिटोनने काळेपणा जात नाही, कारण तो सल्फाइड आहे आणि ते त्यात विरघळत नाही. इथे लोक निराश होऊन पुढचं पाऊल उचलतात आणि तिथेच थांबायचंय. टूथपेस्ट, रांगोळी, चिंच, लिंबू, राख, पूजेची भांडी घासायची पावडर, लक्ष्मीपूजनाच्या नाण्याला जे काय करता ते सगळं नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, गंधक निघतं हे खरं, पण परत बसलेली चांदी पूर्वीसारखी बसत नाही, नाणं मेलेलं पांढरं दिसतं. बाटलीत मिळणारं चांदी बुडवायचं द्रावण सल्फाइडबरोबर वरची चांदीही घेऊन जातं, वर सांगितलेल्या त्या वाहत्या रेषा जातात, उथळ खुणा जातात. नळाचं पाणीही नको, क्लोरीनचे ठिपके पडतात, खळबळायचंच तर डिस्टिल्ड.

साफ झाल्यावर परत त्याच मऊ पाकिटात घालू नका. वाकवल्यावर रबरासारखं मऊ आणि नव्या रेनकोटसारखा वास म्हणजे पीव्हीसी. कडक, कडकड आवाज करणारं मायलर किंवा गोल हवाबंद कॅप्सूल घ्या. मुंबई-कोकण-गोव्यात राहणाऱ्यांनी डब्यात सिलिका जेल टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्यातही गंधक.

थांबा आणि द्या, कुणाला ते

अ‍ॅसिटोनच्या दोन फेऱ्यांनंतरही हिरवं उरलं, किंवा हिरव्याखाली खड्डे दिसले, किंवा थर टणक दाणेदार आहे (ते तांब्याचं गंजणं, पीव्हीसी नाही) तर घरी पुढे काही नाही. तसंच वर दिलेल्या मोठ्या व्हॅमशी तुमचं जुळतंय असं तीन-चार खुणांवरून वाटलं, किंवा वर्ष १८८९ सीसी, १८९३ एस, १८९५ वगैरे असेल, तर अ‍ॅसिटोनही करू नका, थेट द्या. एनजीसी (पीसीजीएससारखीच दुसरी कंपनी) आणि पीसीजीएस दोघांकडे जुनी नाणी साफ करून देणारा वेगळा विभाग आहे, आणि व्हॅम नंबर लावून हवा असेल तर ते दोघे आणि अनॅक्स ही तिसरी कंपनीही लावतात. सोनाराकडे नेऊ नका, तो प्रेमाने पॉलिश करून परत देईल.

पाठवताना खर्च आधी बघा, साध्या वर्षाच्या झिजलेल्या नाण्याला फी आणि पोस्ट मिळून चांदीच्या किमतीपेक्षा जास्त जाऊ शकते, मग ते कॅप्सूलमध्ये घरीच बरं. आणि फॉर्मवर व्हॅमचा रकाना वेगळा भरावा लागतो, फी पण वेगळी, तो रिकामा सोडला तर नुसतं वर्ष आणि ग्रेड लिहून डबी परत येते आणि मग लोक मला विचारतात की नंबर का नाही दिला.